पंप कंट्रोलर अपडेट: आकाशातल्या विजेच्या सेन्सरसाठी स्पोरॅडिक सर्व्हर बसवला

मंडळी, कुळागरातल्या पंप कंट्रोलरचं काम बरंच पुढे सरकलंय. गोव्यात सावईवेऱ्याला मामाच्या बागायतीत बसवायचाय, ब्लू पिल नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्यावर फ्रीआरटॉस, म्हणजे कामं प्रायॉरिटीप्रमाणे चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. पंप कोरडा चालायला लागला की लगेच बंद व्हायला हवा, म्हणून मोटरच्या करंटचं गणित लाईनच्या प्रत्येक सायकलला, म्हणजे २० मिलीसेकंदांत एकदा होतं, आणि ते जास्तीत जास्त १३ मिलीसेकंद खातं (चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट नाहीये). पुढची सायकल सुरू व्हायच्या आत हे गणित संपायलाच हवं, ही डेडलाइन चुकली तर बाकी सगळं असून नसून सारखं.

अनियमित कामं दोन. पर्जन्यमापकाची बादली दर ०.२ मिमीला कलंडते, म्हणजे तासाला १०० मिमी कोसळला तरी ५०० वेळा, साधारण ७ सेकंदांनी एकदा. बादलीच्या रीड स्विचचा बाउन्स (एकाच कलंडण्याला संपर्क अनेकदा थरथरणं) गाळला की दोन घटनांमधलं किमान अंतर ठाऊक असतं, म्हणून हे स्पोरॅडिक, नियमित टास्कसारखं हिशोबात धरलं की झालं.

दुसरा म्हणजे एएस३९३५, वीज ओळखणारा सेन्सर, आणि खरं डोकं इथेच लागतं. वळिवाच्या दिवसांत संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की तो कधी आणि कितीदा इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायचा इशारा) देईल याला धरबंध नाही, वर पंपाच्या कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) ठिणगीसुद्धा त्याला डिस्टर्बर, म्हणजे वीज नसलेला गोंगाट, म्हणून दिसते. याला सरळ वरची प्रायॉरिटी दिली तर पंपाचं गणित उपाशी, खालची दिली तर वीज कडाडून गेल्यावर कधीतरी नोंद. म्हणून सर्व्हर, म्हणजे अशी अनियमित कामं ठरलेल्या वेळेच्या बजेटमध्येच करणारा टास्क: २० मिलीसेकंदांच्या पिरियडमध्ये ४ मिलीसेकंदांचं बजेट, प्रायॉरिटी पंपाच्या वर.

पोलिंग सर्व्हर (पिरियडमध्ये एकदाच काम आलंय का बघणारा) पटला नाही, पोल होऊन गेल्यावर लगेच घटना आली तर ती पुढच्या फेरीपर्यंत ताटकळते. १९८७ चा डिफरेबल सर्व्हर काम नसलं तरी पिरियडभर बजेट राखून ठेवतो, पण तिथे एक मेख आहे. पिरियडच्या शेवटच्या ४ मिलीसेकंदांत बजेट वापरलं आणि लगेच नवीन भरलं की सर्व्हर सलग ८ चालतो. ८ अधिक १३ म्हणजे २१, डेडलाइन गेली! आता कोणी म्हणेल की पंप आणि सर्व्हर, दोन्हींचा फेज (सुरू व्हायची वेळ) जुळवून ठेव, पण पंपाचं काम लाईनच्या झिरो क्रॉसिंगवर (व्होल्टेज शून्यातून जातं तेव्हा) सुटतं, सर्व्हर बोर्डच्या क्रिस्टल घड्याळावर, आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास सतत हलते, त्यामुळे फेज सरकत सरकत कधी ना कधी नेमका त्या वाईट जागी येणारच.

स्प्रंट, शा आणि लेहोत्स्की यांचा १९८९ चा स्पोरॅडिक सर्व्हर इथे चपखल बसतो. वापरलेलं बजेट घड्याळाच्या ठोक्यावर भरत नाही, सर्व्हर जागा झाला त्या क्षणापासून पूर्ण पिरियड उलटल्यावर तेवढंच परत मिळतं. मग पंपाचा सर्वात वाईट वेळ ४ अधिक १३, १७ मिलीसेकंद. हे मला फार आवडलं, म्हणजे एवढ्याशा नियमाने अवेळी येणारं काम वरच्या पट्टीतून चुपचाप नियमित टास्कसारखं वागायला लागतं.

फ्रीआरटॉसमध्ये हे तयार मिळत नाही, वर लिहावं लागतं. बजेट संपलं की वन-शॉट टायमर सर्व्हरची प्रायॉरिटी पंपाच्या खाली आणतो आणि उरलेलं काम फावल्या वेळात होतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, एएस३९३५ ची इंटरप्ट पिन वर गेल्यावर रजिस्टर वाचायच्या आधी २ मिलीसेकंद थांबावं लागतं. तिथे लूपमध्ये फिरत बसलात तर अर्धं बजेट नुसतं थांबण्यात जातं, म्हणून ती वाट टायमरवर टाकलीय आणि सर्व्हरला त्यानंतरच जाग येते. एसडी कार्डवर लिहिणं तर सर्व्हरच्या बाहेरच ठेवलंय, कार्ड कधी अडून बसेल सांगता येत नाही.

दुसऱ्या बोर्डवरून इंटरप्टचा भडिमार करून लॉजिक अ‍ॅनालायझरवर पाहिलं, पंपाचं गणित संपल्याचं दाखवणारी पिन १७ मिलीसेकंदांच्या आतच खाली येतेय. आता भरपाईची रांग (किती बजेट कधी परत द्यायचं याची यादी) राहिलीय: बजेट तुकड्या-तुकड्यांत वापरलं की प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद लागते, आणि रांग मी ४ नोंदींचीच ठेवतोय. भरली तर नवीन तुकडा शेवटच्या नोंदीत मिसळायचा, आणि वेळ दोघांतली उशिराची धरायची, म्हणजे सर्व्हरला थोडं कमी मिळेल पण पंपाचे १७ हलणार नाहीत. मृगाच्या आत हे बसवतो, कोणी ही रांग वेगळ्या पद्धतीने केली असेल तर जरूर सांगा.