युनाचे डोळे आणि माझ्या डोळ्यातला तुकडा

माझे डोळे घारे आहेत, आईकडून आलेले, पण उजव्या डोळ्यात खाली एक तपकिरी तुकडा आहे, घड्याळात पाच ते सातच्या मध्ये जेवढी जागा असते ना साधारण तेवढा. शाळेत मांजरडोळी म्हणायचे ते एकवेळ चालायचं, पण कोणी अगदी जवळ येऊन "अगं तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय" म्हणालं की मी मान खालीच घालायचे.

मग एका सुट्टीत मामाकडे गेले आणि मामेभावाच्या पीएस टू वर, म्हणजे प्लेस्टेशनवर, फायनल फँटसी टेन बघितला, 2001 चा गेम, आमच्यापर्यंत बराच उशिरा पोचलेला. त्यातल्या नायिकेचा, युनाचा, एक डोळा निळा आणि एक हिरवा. मला वाटलं आता हिची काहीतरी पॉवर निघणार, कारण गेममध्ये वेगळे डोळे असले की मागे काहीतरी असतंच, विचर गेमच्या नायकाचे, गेराल्टचे मांजरासारखे पिवळे डोळे म्युटेशनमुळे, फायनल फँटसी सेव्हनच्या नायकाचे, क्लाऊडचे माको नावाच्या ऊर्जेमुळे चमकणारे. पण युनाच्या डोळ्यांत तसं काही नाहीच! तिची आई अल भेड नावाच्या जमातीची, आणि अल भेड लोकांचे डोळे हिरवे असतात, बास. स्पिरामधले, म्हणजे गेममधल्या जगातले, बाकीचे लोक अल भेडना पाण्यात बघतात, आणि ही पोरगी आईची खूण चेहऱ्यावर घेऊन सगळ्यांसमोर उभी असते. तिच्यासोबतची अल भेड मुलगी रिक्कू तर तिची चक्क मामेबहीण निघते, आणि मी तेव्हा मामाच्याच घरात बसलेले, मला रडूच आलं.

खऱ्या आयुष्यात मात्र एक डोळा आईचा एक बाबांचा असं होत नाही. दोन्ही डोळ्यांत जनुकं सहसा तीच असतात, बुबुळात मेलॅनिन हे रंगद्रव्य कुठे किती साठलं त्यावर रंग ठरतो. निळ्या डोळ्यात तर निळं असं रंगद्रव्यच नसतं, मेलॅनिन कमी म्हणून प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं, आकाशासारखंच जवळपास. माझ्या तुकड्याला सेक्टोरल हेटेरोक्रोमिया म्हणतात हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासून आहे आणि नजरेला काही त्रास नाही म्हणाले. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलायला लागला तर मात्र लगेच दाखवायचं, आत सूज वगैरे असू शकते, हे प्लीज लक्षात ठेवा.

आणि दोन रंगांच्या डोळ्यांचा विषय निघाला की गायक डेव्हिड बोवीचं नाव कायम घेतात पण त्याचे दोन्ही डोळे निळेच होते, लहानपणी मारामारीत लागल्यामुळे एका डोळ्याची बाहुली कायमची मोठी राहिली म्हणून तो डोळा गडद दिसायचा.

मामेभावाला आता मुलगी झालीये, आठ महिन्यांची. जन्मली तेव्हा डोळे राखाडी होते, बाळांचं मेलॅनिन नंतर हळूहळू वाढतं त्यामुळे अजून काही नक्की नाही, पण व्हिडिओ कॉल लावला की मी आधी तिला खिडकीपाशी न्यायला सांगते, परवा कडेला जरा घारं दिसलं.