पाऊणपट

हर्णैला आमच्या आजोबांकडे भरतीचं एकच गणित होतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. कालवं काढायला निघालेल्या बायकासुद्धा आधी त्यांना विचारून जात.

ते गणित घेऊन मी अमेरिकेच्या पार वायव्य टोकाला गेलो. गाडीत तंबू टाकून आठ दिवस भटकायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मुक्काम ओझेट सरोवराकाठी. तिथली पायवाट म्हणजे एक त्रिकोण. पाच किलोमीटर जंगलातून केप अलावाला, तेवढंच किनाऱ्याने दक्षिणेला सँड पॉइंटपर्यंत, आणि पुन्हा तेवढंच जंगल तुडवत परत.

जंगलातली वाट सीडरच्या फळ्यांची. आपल्याकडच्या साकवासारखी, फक्त संपतच नाही. वर सिट्का स्प्रूसची झाडं, खाली नेच्यांचं रान, आणि फळ्यांवर शेवाळाचा तो ओळखीचा हिरवा बुळबुळीतपणा. पावसाळ्यातल्या पाखाडीवर वाढलेला माणूस मी, म्हणून ऐटीत चाललो आणि दोनदा आपटलो. बायको एकदाही नाही. ती लातूरची आहे.

त्या दिवशी त्रयोदशी. म्हणजे पावणेदहाला भरती, चारला ओहोटी. बायकोने रेंजरकडून भरती-ओहोटीचा छापील तक्ता आणला होता. मी तो बघितला नाही.

दोन वाजता किनाऱ्यावरच्या वेडिंग रॉक्स या खडकांपाशी पोचलो तर पाणी खडकांना भिडलेलं. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे असतात, तो तास मिळवायला मी विसरलो होतो. उरलेली चूक समुद्राची. शिवाय तिकडे दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. उन्हाळ्यात खोल ओहोटी सहसा सकाळी होऊन जाते, दुपारची नुसती नावाला.

झाडावर लाल-काळी गोल पाटी दिसली. अशा पाटीचा अर्थ, इथून टेकाडावर चढा. हाताने मुळं धरत, गुडघे चिखलात घालत वर गेलो आणि ओल्या ओंडक्यावर बसून चिवडा खाल्ला. पाण्याची वाट बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

खालच्या खडकांवर मका या तिथल्या आदिवासी जमातीच्या पूर्वजांनी कोरलेले व्हेल मासे आहेत, माणसांचे गोल चेहरे आहेत. केप अलावाजवळचं त्यांचं गाव काही शतकांपूर्वी चिखलाच्या लोंढ्याखाली गेलं. १९७० पासून ११ वर्षं खणून लाकडी घरं, टोपल्या, देवमाशाच्या शिकारीची हत्यारं असं सगळं बाहेर काढलं. हे लोक होडीतून देवमासा मारायचे. त्यांच्याही एखाद्या आजोबांकडे काहीतरी गणित असणारच, आणि ते इथलं असणार.

पाच वाजून गेल्यावर पाणी हललं. खाली उतरून एक कोरलेला व्हेल पाहिला. ओला, काळाभोर, पोटात खाचा. उरलेला किनारा आणि सँड पॉइंटहून परतीच्या फळ्या मुकाट्याने चाललो.

तंबूत शिरल्यावर बायकोने तो तक्ता काही न बोलता माझ्या पुढ्यात ठेवला. भरती १२ वाजता. मी पेन काढलं आणि त्याच्या मागे लिहिलं: तिथीची पाऊणपट, अधिक सव्वादोन.