६० सेंमीचा गोल: चिंबोराझोपाशी अडलो, आणि घुंगरू वाजलं

मंडळी, मुलांसाठी ६० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घरी बनवतोय. त्यावर नकाशाच्या छापील फाका (दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्या) डकवून झाल्या होत्या, आता पनामाचा कालवाही आला. जेमतेम ३ मिमीची तांबडी रेघ, सगळ्यात बारीक निबाने ओढलेली. मुलं ठामपणे सांगतात की पॅसिफिक डावीकडे आणि अटलांटिक उजवीकडे, म्हणजे जहाज पूर्वेला जाणार. मग रेघेवर बोट फिरवतात, तर अटलांटिककडचं तोंड पश्चिमेला निघतं! एवढ्याशा रेघेने केलेली ही कमाल पाहून मी जाम खूश आहे.

पण खरा वेळ खाल्ला तो इक्वेडोरच्या चिंबोराझो डोंगराने. समुद्रसपाटीपासून तो ६,२६३ मीटर, एव्हरेस्ट ८,८४८.८६. तरी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर चिंबोराझोचं टोक एव्हरेस्टच्या टोकापेक्षा सुमारे २ किमी जास्त दूर आहे. स्वतःभोवती फिरण्यामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवापाशी असते त्यापेक्षा २१ किमीने मोठी, आणि चिंबोराझो बरोबर त्या फुगवट्यावर, १.५ अंश दक्षिणेला बसला आहे. एव्हरेस्ट राहिला २८ अंश उत्तरेला. हा फुगवटा खरंच आहे का, हे मोजायला १७३५ मध्ये फ्रेंच मोहीम निघाली तीही याच मुलखात. ही गोष्ट मुलांना हाताने चाचपता आलीच पाहिजे, असं माझं ठाम मत.

आता गणित बघा. आपल्या गोलावर १ मिमी म्हणजे २१ किमी. एव्हरेस्ट अर्धा मिमीही भरत नाही, म्हणून डोंगर २० पट उंच केले: एव्हरेस्ट ८ मिमी, चिंबोराझो ६. पण मग फुगवटाही २० पट हवा, नाहीतर चिंबोराझो हरतो. तो येतो २ सेंमी! लगद्याचा तेवढा पट्टा चढवून पाहिला, तर छापलेल्या फाका कडांना चुरगळायला लागल्या आणि गोलाचा भोपळा झाला. पट्टा उतरवला. (मैद्याच्या खळीचा फायदा इथेच कळतो. ओल्या फडक्याने सगळं सुटून आलं. फेव्हिकॉल असता तर फाकाही गेल्या असत्या.)

तिढा सुटला तो गोल बाजूला ठेवल्यावर. दोन डोंगर पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, पण तुलनेला रेखांश लागतच नाही, फक्त अक्षांश लागतो. मग प्लायवर पृथ्वीचा चतकोर कापला: विषुववृत्तापाशी त्रिज्या ६० सेंमी, ध्रुवापाशी ५६, आणि चिंबोराझोसाठी विषुववृत्ताखाली बोटभर पट्टी जास्त. त्याच २० पटीने एव्हरेस्टचं टोक केंद्रापासून ६०.८ सेंमीवर येतं, चिंबोराझोचं ६१.२ वर. केंद्रात खिळा ठोकून ६१ सेंमीची फिरती काडी बसवली आणि चिंबोराझोच्या टोकाला घुंगरू टांगलं. काडी एव्हरेस्टवरून सुळकन जाते, खाली येऊन चिंबोराझोला अडते, आणि छन्न! शेजारची पोरं संध्याकाळभर काडी सोडत नव्हती.

प्लाय मात्र ६ मिमीचा मरीनच घ्या. एका दुकानातून आणलेल्या स्वस्त तुकड्याचे थर कापतानाच सुटले.

खरं तर पुढचं काम बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या डायोमीड बेटांचं होतं. एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मध्ये ४ किमीहून कमी पाणी, आणि त्या पाण्यातून वाररेषा (जी ओलांडली की तारीख बदलते) गेलेली. पण हे लिहिता लिहिताच सुचलं की मौना केआ याच चतकोरावर बसतो! हवाईचा हा डोंगर पाण्यावर ४,२०७ मीटरच दिसतो, समुद्रतळापासून मोजला तर १०,००० मीटरच्या वर. २० अंश उत्तरेला सुमारे ११ मिमीची खाच पाडली की तळ दिसेल. तीन मापं, तीन विजेते, एकच फळी. डायोमीड थांबतील. आधी अरुंद खाचेत वळेल असं करवतीचं पातं शोधतो. कोणी वापरलं असेल तर कुठलं ते सांगा.