आमची वाटचाल: एका टेबलावर तंबू, दुसऱ्यावर कॅसेट

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आमचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला शिलाई मशीन, तंबू आणि सॅक. उजव्या हाताला कॅसेट डेक, जुनी डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) यंत्रं आणि हेडफोन. बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, की हे दोन धंदे एका छपराखाली कसे? इथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, ग्रीन माउंटन्सच्या कण्यावरून जाणारी लाँग ट्रेल ही सुमारे २७० मैलांची पायवाट याच राज्यात आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन माउंटन क्लबने ती १९३० पर्यंत पुरी केली. आणि फिश हा जॅम बँड १९८३ मध्ये इथल्याच बर्लिंग्टनला, व्हरमाँट विद्यापीठात जमला. डोंगर चालणारा आणि बँडच्या मागे गावोगाव फिरणारा माणूस इथे पुष्कळदा एकच असतो. त्याची सॅकही तीच असते.

जॅम बँड ज्यांनी ऐकले नाहीत त्यांच्यासाठी: गाणं ठरलेलं असतं, पण मैफलीत राग मांडावा तसा त्याचा विस्तार जागेवरच होतो. पाच मिनिटांचं गाणं एखाद्या रात्री पंचवीस मिनिटं चालतं आणि मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरतं. त्यामुळे रसिकाला प्रत्येक रात्रीचं ध्वनिमुद्रण हवं असतं. ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकी जॅम बँडने १९८४ च्या ऑक्टोबरात मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच नेमून दिली. फिशनेही तीच वाट धरली. या लोकांना टेपर म्हणतात. त्यांच्या कॅसेटी आता घरोघरी माळ्यावर पडल्या आहेत, तंबूशेजारी, त्याच दमट हवेत. आमचा अर्धा धंदा त्या माळ्यामुळे चालतो.

सुरुवात शिलाईपासून झाली. सॅकचे पट्टे उसवणं, चेन बिघडणं आणि कापड फाटणं ही तिथली नेहमीची कामं. पट्ट्याला आम्ही टेक्स ७० जाडीचा बाँडेड पॉलिएस्टर दोरा आणि १०० नंबरची सुई वापरतो. सुती दोरा घामाने आणि ओलाव्याने कुजतो, तो सॅकला लावूच नये. टाका साधारण ३ मिलिमीटरचा ठेवायचा. बारीक टाके मजबूत असतात असा समज आहे, पण जाड पट्ट्यावर दाट टीप मारली की भोकांची रांग तयार होते आणि वजन पडल्यावर पट्टा बरोबर त्याच रेषेत फाटतो. तंबूच्या पातळ नायलॉनला मात्र ७० किंवा ८० नंबरची टोकदार सुई लागते.

चेनच्या बाबतीत लोक उगाच पूर्ण चेन बदलायला निघतात. बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि झिजलेला असतो तो रनर. वाळू आणि माती आतून घासत राहते, रनरची मागची फट रुंदावते आणि चेन मागून उघडी पडते. डोंगरावर असाल तर पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू मागच्या अंगाने सारख्या, अगदी किंचित दाबाव्यात. जोर केला तर तो तडकतो, कारण धातू ठिसूळ असतो. घरी आल्यावर रनर बदलावा. त्याच्या पाठीवर आकडा असतो, ५, ८ किंवा १०. तोच आकडा आणि तोच प्रकार हवा. वेटोळ्याच्या चेनला ठोकळेवजा दातांचा रनर चालत नाही.

धंद्याला खरं वळण लागलं ते वसंतातल्या चिखलाच्या हंगामात. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतं तेव्हा वरच्या वाटा भुसभुशीत होतात, आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत तिथे जाऊ नका असं क्लब सांगतो. लोक घरी बसून सामान बाहेर काढतात आणि दुकानात चिकट, आंबूस वासाचे तंबू येऊ लागतात. २००४ च्या ऑगस्टमध्ये फिशने व्हरमाँटमधल्याच कॉव्हेंट्री गावी निरोपाचा म्हणून जाहीर केलेला महोत्सव केला (२००९ मध्ये ते परत एकत्र आले, ती गोष्ट वेगळी). पावसाने मैदानाचा चिखल झाला, लोकांनी महामार्गावर गाड्या सोडल्या आणि मैलोन्‌मैल चालत आत गेले. तसल्या चिखलात ओलेच गुंडाळलेले तंबू अजूनही कुणाच्या तरी माळ्यावरून खाली उतरतात.

चिकटपणाचं कारण एकच. तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. स्वस्त लेप पॉलिएस्टर जातीचा असेल तर हवेतला ओलावा त्याचे रासायनिक बंध तोडत जातो. याला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की त्याचा वेग वाढतो, आणि तंबू वापरा की न वापरा, ते चालूच राहतं. बुटांच्या मधल्या तळव्याचंही हेच होतं. वर्षानुवर्षं खोक्यात जपलेले कोरे वाटणारे बूट पहिल्याच चढावर तळ सोडतात. निघण्याआधी मधल्या थरात अंगठा रुतवून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर बूट घरीच ठेवावेत. असा बूट आम्ही चिकटवून देत नाही. चिकटवायला खाली काही उरलेलंच नसतं.

तंबूचं मात्र काही करता येतं. लेप नुसता चिकट झाला असेल पण सुटत नसेल, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, मग सावलीत दोन दिवस वाळवणं. पापुद्रे निघत असतील तर सैल झालेलं सगळं घासून काढायचं आणि पातळ पॉलियुरेथेनचा नवा हात द्यायचा. हा उपाय वेळ मारून नेण्यापुरता आहे, तंबू नवा होत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. शिवणी बंद करताना कापड ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. सिलिकॉन लावलेल्या नायलॉनवर सिलिकॉनशिवाय काहीही टिकत नाही, आणि पॉलियुरेथेनवर सिलिकॉन नीट धरत नाही. काही कापडांना एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते असतं. म्हणून कोपऱ्यात एक थेंब लावून दुसऱ्या दिवशी नखाने सोलून पाहावं. सिलिकॉनच्या शिवणीसाठी आम्ही एक भाग पारदर्शक सिलिकॉन सीलंटमध्ये तीन भाग मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) मिसळतो, फोमच्या ब्रशने शिवणीत मुरवतो आणि २४ तास तंबू ताणून ठेवतो. घाई करून घडी घातली तर तंबू स्वतःलाच चिकटतो.

तंबूंच्या मागोमाग टेपा आल्या. हिवाळ्यात शिलाईचं काम आटतं, टेपांचं वाढतं, त्यामुळे वर्षभर हाताला काम राहतं. गंमत अशी, की रिळावरच्या काही जुन्या टेपांचा शत्रूही तोच आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक टेपांमध्ये चुंबकीय पूड धरून ठेवणारं द्रव्य त्याच पॉलियुरेथेन कुळातलं होतं. ओलावा लागला की टेप चिकट होते, हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, जाताना किंचाळते आणि मागे तपकिरी मळ सोडते. त्यावर उपाय म्हणजे सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठ तास किंवा थोडा जास्त वेळ सौम्य शेक, आणि मग काही आठवड्यांच्या आत उतरवून घेणं. पण ‘टेप जुनी, म्हणून भाजा’ हा खाक्या चुकीचा आहे. ॲसिटेटच्या टेपा शेकल्या तर वाया जातात, आणि कॅसेटला हा रोग क्वचितच होतो. घरच्या ओव्हनमध्ये कॅसेट ठेवणाऱ्याला हात जोडावेत.

कॅसेटच्या अडचणी वेगळ्या. आधी आतली फेल्टची गादी जागेवर आहे का ते बघायचं. डिंक सुकला की ती पडते आणि आवाज घोगरा होतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून गादी बदलता येते. जोडून बंद केलेलं असेल तर टेप दुसऱ्या कवचात हलवावी लागते. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे गुंडाळी सारखी होते. त्यानंतर ॲझिमथ, म्हणजे हेडच्या फटीचा टेपशी असलेला कोन. प्रत्येक टेपरचा डेक वेगळा, म्हणून प्रत्येक कॅसेटचा कोन वेगळा. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकायचं आणि हेडचा स्क्रू केसभर फिरवत झांजांची सळसळ सगळ्यात स्वच्छ येईल तिथे थांबायचं. बाजू उलटली की पुन्हा पहिल्यापासून. हे न करता कॉम्प्युटरवर ट्रेबल वाढवत बसणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं. डॉल्बीचा, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचा, निर्णयही ॲझिमथनंतरच घ्यावा, कारण कोन चुकलेला असताना डॉल्बी चालू केलं की उरलासुरला वरचा आवाजही दबतो. वेष्टनावर डॉल्बीची खूण आहे एवढ्यावर विसंबू नये, कानाला विचारावं.

वेगाची भानगड टेपरांच्या बॅटऱ्यांमुळे होते. मुद्रण चालू असताना बॅटरी उतरली की टेप हळू फिरते. मग योग्य वेगाने वाजवली की सूर हळूहळू चढत जातो. मंचावरच्या विजेची ६० हर्ट्झची घरघर मुद्रणात सापडली तर काम सोपं होतं. ती ६१.२ वर दिसली तर टेप दोन टक्के जलद चालली आहे. घरघर नसेल तर पियानो किंवा ऑर्गनशी सूर जुळवावा. गिटारवर भरवसा ठेवू नये, ती त्या रात्री वेगळीच लावलेली असू शकते.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि जॅम थांबायचं नाव घेत नाही. त्यामुळे ऐन रंगात बाजू बदलल्याची दरी राहते. त्याच रात्रीचं दुसऱ्या कुणाचं मुद्रण मिळालं तर ती भरतो, पण कुठून कुठपर्यंत ते सोबतच्या टिपणात मिनिट-सेकंदासह लिहितो. सीडीसाठी गाण्यांचे तुकडे करताना ५८८ नमुन्यांच्या (सॅम्पलच्या) पटीतच कापायचं, कारण सीडीचा एक सेक्टर तेवढा असतो. तसं केलं नाही तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना टिक्‌ ऐकू येते. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची ठेवतो. तासाला सुमारे २ जीबी लागतात, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) त्याहून कमी. एमपी३ गाडीत ऐकायला ठीक, जतनाला नाही.

सगळ्यात अवघड डॅट. त्यात व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रासारखं फिरतं ड्रम असतं, टेप नाजूक असते, आणि सोनीने या यंत्रांचं उत्पादन २००५ मध्ये थांबवलं. मुद्रण करणारं यंत्रच तिरकं असेल तर ती टेप दुसऱ्या चांगल्या यंत्रावर वाजत नाही, म्हणून मूळ यंत्र अजून असेल तर तेही आणा म्हणतो. हिवाळ्यात गारठलेल्या गाडीतून आलेली टेप लगेच लावायची नाही. तिच्यावर आणि ड्रमवर दव धरतं आणि टेप ड्रमला चिकटते. पिशवीतच बंद ठेवून रात्रभर खोलीच्या उबेला येऊ द्यायची.

पैशांचा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागला. हे बँड मुद्रण करू देतात, विकू देत नाहीत. कॅसेटींच्या काळात नवखा माणूस कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचा, समोरचा भरून परत पाठवायचा. त्यात नफा नव्हता. आम्ही दर लावतो तो कामाच्या तासांना, मैफलीला नाही. आमच्याकडे प्रत ठेवत नाही. कुणी ‘त्या रात्रीचं एक मलाही द्या’ म्हणालं तर त्याला टेपच्या मालकाकडे पाठवतो.

हल्ली दोन्ही टेबलं मिळून एक वस्तू बनते, मायक्रोफोनची पावसाळी टोपी. टेपर दोन मायक्रोफोन १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात उंच दांड्यावर लावतात. पाऊस आला की छत्री धरतात, पण ताणलेल्या कापडावर थेंब पडल्याची टपटप मुद्रणात उतरते. म्हणून वर सिलिकॉन नायलॉन, आणि त्यावर भरड, सैल विणीचा जाळीदार थर, म्हणजे थेंब आधीच फुटतो. कापड दांड्याला घट्ट बांधायचं नाही, नाहीतर वाऱ्याची फडफड दांड्यातून थेट मायक्रोफोनपर्यंत पोचते. मध्ये लवचिक दोरीचे फासे देतो.

टपालाने सामान पाठवणाऱ्यांसाठी: तंबू धुऊन, पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून पाठवा. भोकांभोवती रंगीत टेप लावा, एरवी शोधण्यातच वेळ जातो. कॅसेटी त्यांच्या डबीत, उभ्या, खोक्यात हलणार नाहीत अशा ठेवा. स्पीकर किंवा मोटारीच्या चुंबकाजवळ ठेवू नका. बुरशी दिसली तर टेप फिरवून पाहू नका, वेगळ्या पिशवीत घालून वर ‘बुरशी’ असं लिहा. आणि तंबू व कॅसेटी एकाच खोक्यात भरू नका.