वॉटर बॉडी फिरेना

खालचे तीन बोल्ट ढिले केले, ४१ मिमीचा पाना लावला, जोर दिला. वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणारा पंप, जागची हलली नाही. हातोडीने हलकेच ठोकून पुन्हा जोर दिला, तरी ढिम्म. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आठ दिवसांपूर्वी फोनवर मी काकांना जे ऐकवलं होतं, ते चूक होतं.

गाडी ओपेल कोर्सा, १.६, २००१ची. उभी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढे. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड सगळं घरीच बदलतात. चढाला गाडी दम टाकत होती, हीट मारत होती, दर आठवड्याला कूलंट कमी होत होतं. एका गॅरेजने इंजिन गेलं म्हणून सांगितलं, भंगारात काढा म्हणाले. आणि मी फोनवर म्हणालो, "काका, तुम्ही घरच्या घरी उघडझाप करता ना, त्यातच काहीतरी हललं असणार." ते क्षणभर गप्प राहिले. "तुम्ही या आणि बघा," एवढंच म्हणाले.

वरचं कव्हर काढून क्रँकची खूण जुळवली, तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची खूण एका दात्याने मागे. दोघांना जोडणारा टायमिंग बेल्ट बोटाने लपलप हलत होता.

या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात एक सुंदर गोष्ट आहे. वॉटर बॉडी ब्लॉकमध्ये किंचित केंद्र सोडून बसवलेली असते. ती पान्याने फिरवली की तिची दातेरी पुली बेल्टच्या जवळ किंवा लांब जाते आणि ताण कमी-जास्त होतो. पण त्यासाठी ती फिरली पाहिजे. म्हणून तिथे गास्केट नाही, फक्त एक रबरी रिंग. रिंगला आणि टेकणाऱ्या पृष्ठभागाला सिलिकॉन ग्रीस लावायचं, बास. इथे कोणीतरी भरपूर बॉन्ड, म्हणजे गळती बुजवणारा चिकट लेप, थापला होता. बॉडी चिकटली, ताण देता आला नाही, तसाच बेल्ट चढवला, आणि कधीतरी तो एक दाता सरकला. रिंगही तिरकी बसून कापली गेली होती, त्यामुळे कूलंटची गळती.

काकांनी वही आणून दिली. तारीख, किलोमीटर, कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळला, सगळं सुवाच्य अक्षरात. वॉटर बॉडीच्या ओळीत लिहिलं होतं: "गॅरेजमध्ये करून घेतले. माझा हात पोचत नाही." अख्ख्या वहीत बाहेरून करून घेतलेलं ते एकच मोठं काम. "फोनवर सांगायचं ना," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं नाहीत," काका म्हणाले.

आम्ही गॅरेजवाले हे नेहमी करतो. मालकाने घरी हात लावलाय म्हटलं की निदान तिथेच संपतं. आमच्यातल्या कितीजणांनी कुठल्या बोल्टचा टॉर्क वाचून आवळलाय?

नवी बॉडी आणि बेल्ट काकांच्या कपाटात तयारच होतं. मुलगी फ्रँकफुर्टला असते, दिवाळीला येताना घेऊन आली. तिथून रुसेल्सहाइम जवळच. १८६२मध्ये आडाम ओपेलने तिथे शिलाई मशिनं करायला सुरुवात केली, मग सायकली आल्या, आणि तो गेल्यावर १८९९मध्ये बायको-मुलांनी मोटारी. काका हे सगळं मला सांगत होते, हातात ५०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी घेऊन ब्लॉकची कड घासत. या गाड्या घर सोडूनच जास्त जगल्या, ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅडेट ही ओपेलची जुनी छोटी गाडी रशियाने उचलली आणि मॉस्कोत ती मॉस्कविच म्हणून निघाली. आपल्याकडे गुजरातेत हालोलला १९९६मध्ये ॲस्ट्रा, २०००मध्ये कोर्सा. २००६मध्ये ओपेलचं नाव इथून गेलं.

त्यांना एक मी सांगितलं: माझा हा ४१चा पाना कोर्सासाठी घेतलेलाच नाही. १९९७मध्ये देवूच्या सिएलो गाडीसाठी घेतला. सिएलो म्हणजे आतून १९८४ची कॅडेटच, वॉटर बॉडीही अशीच फिरवायची.

दुसरी गोष्ट सांगितली नाही. त्याच वर्षी एका सिएलोची वॉटर बॉडी गळत होती, गिऱ्हाईक काउंटरवर आरडाओरडा करत होतं, आणि मी उस्तादला न विचारता तिथे बॉन्ड लावला होता. गळती थांबली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पुढच्या बेल्टच्या वेळी ती बॉडी कोणी फिरवायचा प्रयत्न केला असेल, आणि कोणाला दोष दिला असेल? परवापासून हेच डोक्यात आहे.

जुनी बॉडी हीट गनने तापवून, लाकडी ठोकळा लावून ठोकत काढली. दीड तास गेला. नवी ग्रीस लावून बसवली तर पाना दोन बोटांनी फिरला. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा काटा खुणेवर आणला, क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवून खुणा परत बघितल्या. जुळल्या. स्टार्टर मारला, आणि फॅन लागून बंद होईपर्यंत आम्ही दोघं रेडिएटरपाशी उभे राहिलो. खाली थेंबही नव्हता.

काकांनी चष्मा पुसला आणि वहीत नवी ओळ लिहिली: "रिंगला ग्रीस. बॉन्ड नाही." 'नाही'खाली दोन रेघा ओढल्या, आणि बरोबर आहे ना, म्हणून वही माझ्यापुढे धरली.