गामला उप्साला: ओडिनचं देऊळ शोधताना

स्वीडनमधल्या उप्साला स्टेशनबाहेर सिटी बस पकडली की थोड्याच वेळात गामला उप्साला, म्हणजे जुनं उप्साला येतं. समोर तीन गवताळ टेकाडं दिसतात. ती माणसांनी रचलेली आहेत: सहाव्या शतकाच्या आसपास बड्या असामींचं दहन करून त्यावर दगडमाती टाकली, त्या या समाध्या. बहुतेक लोक टेकाडांपाशी फोटो काढून परत फिरतात. मला रस होता पलीकडच्या चर्चमध्ये. ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे इथले देव ओडिन, थोर आणि फ्रेयर यांचं देऊळ तिथंच कुठंतरी होतं म्हणतात.

हे म्हणणारा मुख्य माणूस म्हणजे ब्रेमेनचा अ‍ॅडम. १०७५ च्या सुमारास या पाद्र्याने लिहून ठेवलंय: सोन्याने मढलेलं मंदिर, मधोमध थोर, दोन बाजूंना बाकीचे दोघे. दर नऊ वर्षांनी उत्सव, प्रत्येक प्राणिजातीचे नऊ नर बळी, आणि शेजारच्या राईत टांगलेली माणसं, कुत्री, घोडे. देवराईत काडी मोडायलाही कचरणाऱ्या आपल्याला राईचं पावित्र्य समजतं, पण झाडाला टांगलेली माणसं पचायला जड जातात. गोम अशी, की अ‍ॅडमने हे काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ७२ कलेवरं टांगलेली पाहिल्याचं त्याला कुणा ख्रिस्ती माणसाने सांगितलं. शिवाय मूर्तिपूजक जेवढे भयंकर, तेवढी धर्मप्रसाराची निकड मोठी! त्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

चर्च करड्या दगडांचं, मूळचं बाराव्या शतकातलं. बाहेरच्या भिंतीत एक रूनशिळा, म्हणजे जुन्या रून लिपीतला शिलालेख, चिणलेली आहे. पट्ट्यात कोरलेली अक्षरं अजून स्पष्ट दिसतात. इंग्लंडची वारी करून आलेल्या सिग्विडने बापाच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगड पुढे सरळ बांधकामाला वापरला गेला. १९२६ मध्ये चर्चच्या फरशीखाली खांबांचे खड्डे सापडले, तेव्हा देऊळ मिळालं म्हणून गाजावाजा झाला. नंतरच्या संशोधकांनी ते देऊळच, असं म्हणायचं टाळलं. चर्चजवळच्या उंचवट्यावर मात्र सुमारे ५० मीटर लांबीच्या एका दालनाचे अवशेष मिळालेत. मेजवानी, राज्यकारभार आणि पूजा एकाच छपराखाली चालत असावी. वेगळं देऊळ असलंच पाहिजे, हा हट्ट अ‍ॅडम वाचणाऱ्यांचा.

मला सगळ्यात भावलं ते रेल्वेच्या कृपेने सापडलेलं. २०१२-१३ मध्ये नवा लोहमार्ग टाकताना लाकडी खांबांच्या लांबच लांब ओळीचा माग लागला, जवळपास किलोमीटरभर, काही मीटरला एक खांब. काही खड्ड्यांत जनावरांची हाडं होती. एवढी लाकडं तोडून, ओढून आणून रोवायची म्हणजे गावंच्या गावं राबली असणार.

बळीचा याहून ठोस पुरावा हवा असेल तर उत्तरेकडच्या फ्रोसो बेटाचं नाव घ्यावं लागेल. १९८४ मध्ये तिथल्या चर्चच्या वेदीखाली उकरलं तर निघाला बर्चच्या झाडाचा बुंधा, आणि भोवती हाडं. त्यात चक्क अस्वलांचीसुद्धा.

स्टॉकहोमला परतल्यावर इतिहास संग्रहालयात रॅलिंगेचा फ्रेयर पाहिला. १९०४ मध्ये सापडलेली जेमतेम सात सेंटिमीटरची कांस्यमूर्ती. टोकदार टोपी, मांडी घातलेली, एक हात दाढीवर, आणि लिंग ताठ. हा फ्रेयरच का, यावर वाद आहेत. पण उप्सालाच्या त्याच्या मूर्तीचं लिंगही भलंमोठं होतं, असं अ‍ॅडमने लिहिलंय. एवढ्यापुरती तरी त्याला कुणीतरी खरी बातमी दिली असावी.