मेणकापडाची पिशवी

परवा दुपारी भंगारवाला यायचा होता, म्हणून ओट्याखालचा खण आवरायला घेतला. धुऊन, फरशीला चिकटवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या आमच्याकडे याच खणात रबरबँड लावून महिनोन्महिने पडून असतात. त्या गठ्ठ्याच्या तळाशी एक जुनी, पातळ, दोन बंदांची पिशवी निघाली. २०१८ मध्ये महाराष्ट्रात बंदी आल्यानंतर ही जात आमच्या घरातून तरी नाहीशी झाली आहे, अशी माझी समजूत होती. हातात घेताच ती अशी काही कुरकुरली की मला पेणच्या घराची पडवीच ऐकू आली.

बाबा संध्याकाळच्या एसटीने येत असत आणि त्यांच्या पावलांच्या आधी पिशवीचा आवाज आत पोहोचत असे. त्या कुरकुरीवरून आज खाऊ आहे की नाही, हे आम्ही भावंडे न बघता सांगत असू. आजी आतूनच विचारायची, “मेणकापडात काय आणलंस रे?” तिच्या लेखी बाळाच्या दुपट्याखालचे, पावसात पोत्यावर घालायचे आणि बाजारातून भाजी घालून येणारे, सगळे मेणकापडच. “आजी, प्लास्टिक म्हणतात त्याला,” असे आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगायचो. ती म्हणायची, “तेच ते.”

आजीचेच बरोबर होते, हे कळायला मला बी.एस्सी.चे दुसरे वर्ष उजाडावे लागले. मेणबत्तीचे मेण म्हणजे कार्बनची साखळी, टोके सोडली तर प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन लटकलेले, आणि साखळीची लांबी साधारण वीस ते चाळीस कार्बन. तीच साखळी हजारो कार्बनपर्यंत लांबवली की पॉलिथिन तयार होते. जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलात अशा आखूड-लांब साखळ्या इतर अनेक घटकांसह एकत्र नांदत असतात आणि रिफायनरीचा मनोरा चाळणीऐवजी उष्णता वापरून त्यांची निवडानिवड करतो. तीन-चार कार्बनवाल्या सिलिंडरमध्ये जातात, दहा ते सोळांच्या आसपासच्या रॉकेलच्या डब्यात, त्याहून लांब मेणात, आणि तळाशी उरते ते डांबर. मधमाशीच्या मेणाची घडण वेगळी असते, पण तो तपशील आजीच्या विरुद्ध जातो, म्हणून मी तो सोडून देते.

पॉलिथिन पहिल्यांदा ज्यांच्या हाती लागले, त्यांनाही मेणच दिसले होते. १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील नॉर्थविच येथे फॉसेट आणि गिब्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. त्यांना हवे होते ते घडले नाही. पात्र उघडले तेव्हा आत पांढरा, मेणचट पदार्थ थोडासा चिकटलेला होता. पुढे तो पुन्हा बनवताना स्फोट झाले, आणि १९३५ च्या अखेरीस तो नीट जमला तोही पात्राला गळती असल्यामुळे, कारण बाहेरून भरलेल्या इथिलीनबरोबर नेमका हवा तेवढा ऑक्सिजन आत गेला. जगभरच्या पिशव्यांचा उगम एका गळक्या भांड्यात आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

आम्हाला या मेणाचा पुरावा शेकोटीतच मिळाला होता. काठीच्या टोकाला पिशवी गुंडाळून पेटवली की निळसर बुडाची ज्योत घेऊन थेंब खाली पडत आणि प्रत्येक थेंब पडताना ‘झुप्‌ झुप्‌’ असा आवाज करी. अंधारात तो आवाज ऐकण्यासाठीच हा उद्योग चाले. माझ्या पायाच्या अंगठ्यावर असा एक थेंब पडल्याची खूण अजून आहे. आजी धपाटा घालायला धावत येई आणि काठी विझवून नाकाशी धरत म्हणे, “बघ, मेणबत्तीचाच वास.” पॉलिथिन ओळखण्याची प्रयोगशाळेतील एक परीक्षाही अशीच आहे: जाळून वास घ्यावा, मेणबत्ती विझवल्यासारखा आला तर पॉलिथिन.

आता हाताशी दोन्ही होत्या म्हणून दुधाची पिशवी आणि ही जुनी पिशवी आळीपाळीने चुरगाळून पाहिली. दुधाची पिशवी मऊ, मुकाट. ही मात्र तक्रारखोर. दोन्हींचे घटक तेच. पण दुधाच्या पिशवीतील साखळ्यांना फांद्या असतात आणि झाडोऱ्यासारख्या त्या एकमेकींच्या फार जवळ येऊ शकत नाहीत. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी टायटॅनियमची मदत घेऊन, फारसा दाब न देता जवळजवळ सरळ साखळ्या घडवल्या. त्या केरसुणीच्या काड्यांसारख्या एकमेकींना लागून बसतात, म्हणून त्यांचा पातळ पापुद्राही ताठ राहतो आणि कुरकुरतो. आमच्या खाऊची वर्दी देणारा आवाज हा त्या सरळपणाचा होता.

आणखी एक गोष्ट आजीला सांगायला हवी होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचाने शोधलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचा वायू उरणला येतो, आणि त्यातील इथेन नळाने आमच्या पेणच्या पलीकडे नागोठण्याला जाते. तिथे प्रचंड तापवून त्याचे दोन हायड्रोजन काढून घेतले की उरते इथिलीन, म्हणजे ज्याचे रेणू जोडून पॉलिथिनची साखळी बनते तो वायू. हाच वायू पिकणारे फळ स्वतः सोडते. सफरचंदांच्या बाबतीत ते १९३४ मध्ये सिद्ध झाले. आजी माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची अढी घालायची, वरून गोणपाट टाकायची आणि एक पिकलेला आंबा मुद्दाम मध्ये ठेवायची. “एकाचं बघून बाकीचे पिकतात,” असे ती म्हणे. एकाचा वायू कोंडला जाऊन बाकीच्यांना लागतो, एवढाच तिच्या आणि पुस्तकाच्या म्हणण्यात फरक. म्हणजे माळ्यावर आणि बाबांच्या हातात, दोन्हीकडे इथिलीनच होते.

इतक्यात भंगारवाला आला. त्याने दुधाचा गठ्ठा तागडीत टाकला, जुनी पिशवी उचलली आणि न बघताच बोटांत एकदा चुरगाळली. “ही एचएम आहे, ताई. एलडीत नाही चालत.” एचएम म्हणजे सरळ साखळ्यांचे पॉलिथिन, एलडी म्हणजे फांद्यांचे. मी विचारले, “कशावरून?” तो म्हणाला, “आवाजावरून.”

दुधाच्या पिशव्यांचे त्याने अकरा रुपये दिले. दुसरी मी घडी घालून पुन्हा खणात ठेवली आहे.